चार दिवस कमी पडतील

नारू हा दोऱ्यासारखा जंत माणसाच्या पायात किती लांबीचा आहे, हे बाहेरून कळत नाही. दिसते ते फक्त त्याचे तोंड. बाकीचा मांसात कुठे वळसे घेऊन बसला आहे, ते तो सगळा बाहेर आल्यावरच समजते. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी एका धनगराला आकडा सांगितला, आणि त्या आकड्यापायी त्याच्या बायकोचा पाय जायची वेळ आली. तेवढीच गोष्ट इथे लिहितो.

मी तेव्हा सोलापुरात जिल्हा लोकल बोर्डाच्या कचेरीत कारकून होतो. शहरात नळाचे पाणी होते. नारू आम्हाला दिसे तो बाजाराला आलेल्या खेड्यातल्या माणसांच्या पायावर. त्या वर्षी शिमगा झाल्यावर साहेबांनी मला सांगोला तालुक्यातल्या एका गावी पाठवले. काम कागदावर सोपे होते. विहिरी पाहायच्या, घरोघर जाऊन नारूचे रोगी मोजायचे, आणि बरोबरच्या कंपौंडरने ज्यांची मलमपट्टी केली त्यांची नोंद ठेवायची. निघताना बायकोने जुन्या धोतरांच्या पट्ट्या फाडून, उकळून, वाळवून बांधून दिल्या. "रोग बोर्डाचा आणि धोतरे आमची!" असे ती म्हणाली. पण प्रत्येक पट्टी तिने चार बोटे रुंद अगदी सरळ फाडली होती.

गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर होती, बेचाळीस पायऱ्यांची. चैत्रात पाणी एकोणचाळिसाव्या पायरीला लागे. बायका खाली उतरून घोट्याभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. ज्याचा नारू फुटला आहे त्याला पाय गार पाण्यात सोडला की बरे वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी नारू आपली पिल्ले पाण्यात सोडतो. ते पाणी न गाळता जो पितो त्याला पुढच्या उन्हाळ्यात नारू होतो. कंपौंडरने हे मला पहिल्याच दिवशी सांगितले. गावाला सांगितले तेव्हा पाटील म्हणाले, "म्हंजे यंदा कुणाच्या पायात काय निघतंय त्ये गेल्या सालच्या घागरीत व्हतं म्हना की." त्यांना कळले होते. बाकीच्यांनी मान हलवली आणि घागरी उचलल्या.

कंपौंडर पन्नाशीचा, बोलका माणूस होता. नारू काढण्याची त्याची रीत अशी: पाय वेगळ्या भांड्यात गार पाण्यात धरायचा, पांढुरके दुधासारखे पाणी सुटू द्यायचे, मग नारूचे टोक सोललेल्या काडीभोवती हलकेच गुंडाळायचे. सहज येईल तेवढेच. अडला की थांबायचे, काडी पायाला टेकवून पट्टी बांधायची, उरलेले उद्या.

"नारू म्हणजे जावई समजा, भाऊसाहेब," तो म्हणायचा. "ओढून आणाल तर घर मोडेल. मान द्या, गार पाणी द्या, आपल्या पायाने येईल."

तुटला तर काय होते तेही त्याने सांगितले. आतला तुकडा सडतो, पाय सुजतो, पू होतो, आणि सांध्याजवळ असला तर सांधा धरतो तो कायमचा.

पंधरा दिवसांत गावातले सात नारू पूर्ण निघाले. मी प्रत्येक टेपने मोजला. सर्वांत लहान सतरा इंच, सर्वांत मोठा एकतीस. सातांची सरासरी चोवीस इंच आली. ही सरासरी मी वहीत दोनदा तपासली आणि मला तिचे फार समाधान वाटले. नंतर कंपौंडरला नऊ मैलांवरच्या दुसऱ्या गावी जावे लागले. उरलेल्या चार रोग्यांच्या काड्या फिरवण्याचे काम त्याने मला शिकवले होतेच. "तुमचा हात हलका आहे," असे म्हणून बोरिकचा डबा माझ्याकडे देऊन तो गेला.

त्याच दिवशी धनगर आला. गावाबाहेर काळ्या रानात त्यांचा तळ होता. आठ कुटुंबे, मेंढरे वाघरीच्या जाळ्यात कोंडलेली, चार-पाच तट्टे. ज्वारी निघालेल्या रानात मेंढरे बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य धनगराला, असा त्यांचा क्रम. हा माणूस पंचविशीचा असेल. चावडीच्या पायरीवर काठी टेकून उभा राहिला.

"नारू काढनारं सायेब तुमीच का?"

"मी कारकून आहे. पण काडी फिरवतो."

"मंग चला की. बायकूच्या पायाला फोड आलाय."

फोड उजव्या पायाला, घोट्याच्या वर आतल्या अंगाला होता. तळावर पोचेपर्यंत तो फुटला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे टोक दिसत होते. नारूची कड वर पोटरीकडे गेलेली बोटाला लागत होती. ती विशीतली बाई, अंगावर पिणारे मूल मांडीवर. ती बोलत नव्हती. तिच्या वतीने सासू बोलत होती.

"हिरीवर जाऊ नगो म्हंता, मंग पानी कोन आननार? म्या? माजी हाडं गेली पानी वाहून."

"त्या पायाने ती पायऱ्या उतरली तर पुढच्या वर्षी तुमच्याच पायात निघेल, आजी."

"माज्या पायात दोनदा निगालाय. त्यो बी कटाळला आसंल आता," म्हातारी म्हणाली आणि घागर घेऊन चालू लागली.

पहिल्या दिवशी दोन इंच आला. दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी मी पट्टी बांधत असताना नवऱ्याने विचारले, "सायेब, समदा कवा निगंल?"

तो का विचारत होता ते मला माहीत होते. तळाच्या कारभाऱ्याने निघायचा दिवस ठरवला होता: हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. मंगळवेढ्याकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याने मेंढरे बोलावली होती आणि इथल्या ओढ्याचे डबके तळाला गेले होते. मंगळवेढे संस्थानात. हद्दीचा दगड ओलांडला की आमच्या बोर्डाचा कागद चालत नसे, आणि त्या वाटेवर दवाखाना कुठे आहे हे मला सांगता आले नसते. रोज आठ-दहा मैलांची चाल. तट्टांवर कोकरे, कोंबड्या, भांडी, घोंगड्या. चालता न येणाऱ्या माणसाला जागा नाही. आणि मागे राहावे तर गावात त्यांचे कोणी नव्हते. कारभाऱ्याच्या भावाचा नारू दोन सालांमागे असाच चालीवर तुटला होता. त्याचा गुडघा वाकला तो सरळ झालाच नाही. तो आता बहिणीच्या दारात बसून लोकर कातत होता, आणि तळावरचे सगळे त्याच्याविषयी बोलताना मेलेल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत.

मी वही काढली. तीन दिवसांत साडेचार इंच, म्हणजे रोजचा दीड इंच. सरासरी लांबी चोवीस. म्हणजे सोळा दिवस. चालीपूर्वी हातात होते एकूण बारा.

"चार दिवस कमी पडतील," मी म्हणालो.

बोटे दुमडून त्याने चार मोजले, पुन्हा उलगडले. मी वही मिटली आणि गावात परत आलो. उत्तर बरोबर काढले याचेच मला बरे वाटले होते.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी दीड-दीड इंच आला. हिशेबाबाहेर काही नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा ती एका उंच धोंड्यावर बसली होती. दुखरा पाय खाली मोकळा सोडलेला. पट्टी सोडलेली, काडी काढून टाकलेली. नारूच्या टोकाला काळ्या लोकरीचा धागा बांधलेला होता आणि धाग्याच्या खालच्या टोकाला बोराएवढा गोटा. वाऱ्याने तो गोटा हलत होता. नवरा शेजारी काठीवर हनुवटी टेकून उभा होता, एखादे काम नीट लागल्यावर माणूस उभा राहतो तसा.

मी धावत गेलो आणि गोटा तळहातावर उचलून धरला. नारू ताणून केसासारखा बारीक झाला होता. आदल्या दिवशी तो चांगला शिवायच्या दोऱ्याइतका जाड होता.

"हे कुणी केले?"

"म्या."

"ओढायचा नाही म्हणून सांगितले होते ना?"

"ओढलाय कुटं? म्या हात बी लावला न्हाय." त्याला माझा राग समजेना. "मेंढी व्याली आन् वार अडकली, तर आमी ओढतो व्हय? ओढली तर मेंढी मरती. वारंला खडा बांधायचा. मेंढी चरत फिरती, खडा झुलतो, वार आपसूक पडती. माज्या बापानं शिकवलंय. आजवर माजी एक मेंढी वारंपायी मेली न्हाय."

त्याच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा दिसेना. त्याला येत होते ते त्याने केले होते, आणि जे येत होते ते उत्तम येत होते. फक्त नारू म्हणजे वार नव्हे. वार सुटायचीच असते. नारू जिवंत असतो आणि आत धरून बसतो.

"पण बांधलास कशाला? रोज दीड इंच येतच होता."

"तुमीच म्हनला की, चार दिस कमी पडत्यात. त्ये भरून काडाया नगोत?"

गोटा अजून माझ्या तळहातावर होता. ती बाई पायाकडे पाहतच नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"तुटला का?"

"नाही."

"तुमी खरं सांगा."

"अजून नाही."

मी म्हातारीला पाणी ओतायला सांगितले. नवऱ्याला म्हटले, कातर आण. लोकर कातरायची मोठी कातर त्याने आणली. त्या कातरीने एवढा बारीक धागा कापायचा धीर मला होईना. शेवटी त्यानेच कापला. एका हाताने धागा चिमटीत, दुसऱ्या हाताने कातर, आणि धागा तसूभरही न हलवता. मी नारूचे टोक दोन बोटांत नुसते ठेवले होते, धरले नव्हते. म्हातारी लोट्याने पाणी घालत राहिली. पाणी संपले की ती उठे आणि पुन्हा आणी. उकिडवे बसून माझे पाय बधिर झाले. पाऊण-एक तासाने तो ताणलेला धागा हळूहळू आखडला, थोडा जाड झाला, आणि दोनेक इंच आत गेला. मी जाऊ दिला. उरला तेवढा काडीभोवती घेतला आणि पट्टी बांधली.

त्या दिवसाच्या रकान्यात मी काही लिहिले नाही.

सातव्या दिवशी नारू हलला नाही. पाय घोट्यापासून अर्ध्या पोटरीपर्यंत सुजला. आठव्या दिवशीही तेच, आणि तिच्या अंगात ताप होता. मूल प्यायला मागे तेव्हा म्हातारी तिच्या अंगाखाली घोंगडी सरकवून तिला कुशीवर करी. आत तो तुटला आहे की नुसता रुसला आहे, हे मला कळत नव्हते. मी कंपौंडरला चिठ्ठी लिहून पाटलांच्या माणसाबरोबर पाठवली. उत्तर संध्याकाळी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर आले: "इथून हलता येत नाही. तुम्ही काडीला हात लावू नका. गार पाण्याच्या घड्या. पू दिसला तर गाडीत घालून आणा. न दिसला तर वाट पाहा."

वाट पाहणे हे मला येत नसे. मी त्या दोन दिवसांत पाय टेपने चार वेळा मोजला. पोटरीचा घेर, घोट्याचा घेर. चौथ्या वेळी नवऱ्याने माझ्या हातातल्या टेपकडे पाहिले, आणि मी ती खिशात घातली. मग जे सांगायला हवे होते ते त्याला सांगितले.

"हे बघ. ते चार दिवस मी माझ्या मनाने सांगितले होते. नारू किती लांब आहे हे मला तेव्हाही माहीत नव्हते, आताही नाही. गावातल्या सात जणांचे नारू मोजले होते, त्यावरून अंदाज केला."

त्याने माझ्या खिशाकडे पाहिले.

"म्हंजे लोकांच्या पायातला नारू मोजला आन् आमच्या पायाचं दिस सांगितलं?"

"होय."

"ठावं नव्हतं तर सांगितलं कशापायी?"

तू विचारलेस म्हणून, असे म्हणता आले असते, पण ते खरे नव्हते. वहीत आकडा तयार होता म्हणून मी सांगितला होता.

"जाऊ द्या," सासू पलीकडून म्हणाली. "सायबानं सांगितलं त्यात काय? माज्या ल्योकाला दम न्हाय. चार दिस कमी पडत्यात म्हंताना चार दिसांचं वझं ह्यानं पोरीच्या पायाला बांधलं." आणि मग मुलाकडे वळून, "तुजी वार पडाया दोन दिस लागलं व्हतं, तवा माज्या अंगाला कुनी धोंडा बांधला न्हाई!"

ती बाई तापात होती, तरी हसली. नवरा खाली मान घालून वाघरीची गाठ सोडू-बांधू लागला.

नवव्या दिवशी सकाळी पाण्यात पाय धरल्यावर पांढुरके पाणी सुटले. मी काडी अर्धा वळसा फिरवली. ती फिरली. अर्धा इंच. मी आणखी फिरवली नाही. सूज कमी नव्हती, पण पू नव्हता आणि ताप उतरला होता. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या दिवशी एकेक इंच आला. किती राहिला हे मला माहीत नव्हते, आणि पुढची बेरीज मी मांडली नाही.

कारभारी थांबणार नव्हता. मी त्याला दोन दिवस मागितले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला ओढ्याच्या डबक्याशी नेले आणि काठी भेगाळलेल्या गाळात खुपसून दाखवली. काठी वर काढली तेव्हा ती कोरडी होती.

"तुमच्या एका पायासाटी माजी सातशे तोंडं तानेली ऱ्हातील, सायेब. भावाचा गुडघा गेला तवा बी म्या थांबलो न्हाय."

हनुमान जयंतीच्या दिवशी दुपारी मी नवऱ्याला समोर बसवले आणि काडी त्याच्या हातात दिली. मी काहीच करणार नव्हतो, फक्त पाहणार होतो. त्याने आधी हात राखेने घासले. मग काडी धरली. त्याच्या बोटांना जे कळत होते ते माझ्या बोटांना तीन आठवड्यांतही कळले नव्हते. काडी फिरण्याआधीच तो म्हणायचा, "आता येतोय," आणि तो यायचा. "आता न्हाय," म्हणायचा आणि थांबायचा. कोकरू पोटातून येताना जो हात सारखा आत असतो तो असा असतो, एवढेच मी समजलो. हा हात पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता, आणि मी त्याला फक्त आकडा दिला होता.

"किती ऱ्हायला असंल?" त्याने विचारले. बहुधा सवयीने.

"माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला.

मी त्याला बायकोने दिलेल्या पट्ट्या सगळ्या दिल्या, बोरिकची पुडी दिली, आणि तीनदा बजावले की पाय भांड्यात धुवायचा, ते पाणी दूर रानात टाकायचे, नदीत किंवा विहिरीत पाय सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तळावर गेलो. त्याने आपल्या तट्टावरची कोकरे उतरवली होती. त्यांतली दोन घोंगडीच्या खोळीत घालून त्याच्या खांद्यावर, एक म्हातारीच्या काखेत. तट्टावर बायको, मांडीत मूल, पाय घोंगडीच्या गुंडाळीवर सरळ ठेवलेला. कारभाऱ्याने हे पाहिले आणि तो पुढे निघाला. मेंढरे उठली, धूळ उठली, आणि थोड्या वेळाने तट्टू दिसेनासे झाले.

सोलापुरात येऊन मी अहवाल दिला. एका रोग्यापुढे "पूर्ण" किंवा "तुटला" यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. साहेबांनी विचारले, मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, "मग 'तुटला' लिहा. असे रोगी हद्दीपार गेले की तेच होते." मी लिहिले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, मी पुन्हा लिहिले नाही. कचेरीत त्या गोष्टीवरून चार जण हसले. दोन महिने कोणाच्याही पायाकडे पाहिले की मला तो हलणारा गोटा दिसे. घरी जेवताना बायकोने एकदा विचारले, "त्या बाईचे काय झाले?" मी म्हणालो, "कळले नाही."

ज्येष्ठात मला विहिरीच्या कामासाठी पुन्हा त्याच गावी पाठवले. चावडीत बसून मी पाटलांशी बोलत होतो. बाहेरच्या उन्हातून दोन बायका येताना दिसल्या. पुढची ताठ चालत होती, मूल कडेवर. उजवा पाय किंचित जपून टाकत होती, पण टाच पुरी टेकत होती. पायरीशी येईपर्यंत मी तिला ओळखले नाही, कारण मी तिला कधी उभी पाहिलेच नव्हते.

तळ पावसाच्या आधी परत फिरला होता. नारू चालीवरच निघाला होता, नवऱ्याने काढला होता.

"किती दिवस लागले?" तोंडातून गेलेच.

"मोजलं न्हाय. आला तवा आला."

मागची बाई पाय ओढत होती. घोट्याला ताजा फोड होता. पुढचीने तिला हाताला धरून पायरीवर बसवले आणि माझ्याकडे पाहिले.

"ही माजी जाऊ. हिचा बगा, सायेब. पर किती दिस लागतील त्ये सांगू नगा."

पाटील मोठ्याने हसले. मी उठलो आणि गार पाणी आणायला सांगितले.